बत्तीस सेकंदांचे शेजारी

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रीनफिल्ड या लहानशा गावात गायडिंग स्टार ग्रेंज नावाचा एक हॉल आहे. ग्रेंज ही अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची जुनी संघटना, आणि त्यांच्या हॉलची लाकडी जमीन नाचायला उत्तम. कॉन्ट्रा हे अमेरिकी समूहनृत्य नाचणाऱ्यांमध्ये या हॉलचं नाव सगळीकडे माहीत आहे. अशा हॉलमध्ये तीस-तीस वर्षं नाचणारी माणसं असतात, आणि डावा हात कधी द्यायचा नि उजवा कधी, हे अर्ध्या तासापूर्वी शिकलेलीही असतात. दोघं एकाच रांगेत उभी राहतात. फिडल सुरू होते आणि नाच होतो. चांगला होतो.

हे घडतं कसं, ते बघायला लागलं की माणूस थक्क होतो. समूहनृत्याबद्दलची आपली कल्पना उलटी असते. आधी तालीम, मग नाच. आणि ज्याला येत नाही त्याने कडेला बसून टाळ्या वाजवायच्या. कॉन्ट्रात तालीम नसते आणि प्रेक्षकही जवळजवळ नसतात. नवे-जुने एकत्र नाचवायचं काम तिथे कोणा माणसाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. ते बऱ्याच अंशी नाचाच्या रचनेतच बसवलेलं आहे.

रचना अशी. हॉलच्या लांबीभर माणसांच्या दोन रांगा समोरासमोर. वादक बसतात ते वरचं टोक. तिथून खाली दोन-दोन जोड्यांनी हात धरायचे, म्हणजे चौघांचा एक गट. गटातली वरची ती पहिली जोडी, खालची ती दुसरी. सूर चार तुकड्यांचा, एकूण ६४ ठोक्यांचा. चौघांनी त्या ६४ ठोक्यांत ठरलेल्या आकृत्या करायच्या: हात धरून वर्तुळात फिरणं, मधे हात जोडून चांदणी करणं, जागा बदलणं, गिरकी. शेवटच्या ठोक्याला पहिली जोडी एक घर खाली सरकलेली असते आणि दुसरी एक घर वर. पुढचं आवर्तन सुरू होतं तेव्हा प्रत्येक जोडीसमोर नवी जोडी असते. मिनिटाला १२० ठोके धरले तर हे सगळं ३२ सेकंदांत. तुमचा जोडीदार नाचभर तोच, शेजारी मात्र दर ३२ सेकंदांनी नवे. टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन थांबते, तोंड फिरवते आणि उलट्या दिशेने प्रवासाला लागते.

आता मोजून बघा. रांगेत १२ जोड्या आहेत. पहिल्या आवर्तनात सहा गट, दुसऱ्यात दोन्ही टोकांच्या जोड्या थांबल्यामुळे पाच, मग पुन्हा सहा, पुन्हा पाच. १२ आवर्तनांत एकूण ६६ भेटी होतात. १२ जोड्यांमधून दोन-दोन निवडायचे प्रकारही बरोबर ६६. म्हणजे साडेसहा मिनिटांच्या आत प्रत्येक जोडी इतर प्रत्येक जोडीबरोबर एकदा, आणि एकदाच, नाचलेली असते. कोणी चुकून सुटत नाही, कोणी दोनदा भेटत नाही. आणि रांग बघाल तर ती वरची खाली, पूर्ण उलटी झालेली असते.

भेटींची हीच जाळी संगणकशास्त्रातही आहे. आकड्यांची यादी क्रमाने लावायची एक पद्धत अशी, की आधी एक-दोन, तीन-चार अशा शेजाऱ्यांची तुलना करायची, मग दोन-तीन, चार-पाच अशी, आणि हे आलटून पालटून चालवायचं. तिथे गरज असेल तरच अदलाबदल होते आणि नाचात दरवेळी, फरक एवढाच. इंग्लंडमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत घंटा क्रम बदलत बदलत वाजवतात, त्यातला 'प्लेन हंट' नावाचा अगदी पहिला धडाही हाच: प्रत्येक घंटा एकेक जागा सरकत टोकाला जाते आणि परत येते. जॉन प्लेफर्डने लंडनमध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' छापलं ते १६५१ साली. कॉन्ट्राचे पणजोबा त्या पुस्तकात भेटतात. घंटावादनावरचं 'टिंटिनालोजिया' आलं १६६८ मध्ये. एकाच देशात, एकाच पिढीत, पायांनी आणि दोरखंडांनी माणसं एकच गणित सोडवत होती. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण योगायोग असला तरी तो गोड आहे.

कसबाच्या चढउताराशी या गणिताचा संबंध काय? पहिली गोष्ट, कच्चा शेजारी तुमच्या वाट्याला ३२ सेकंदच येतो. त्याने चूक केली तरी पुढच्या आवर्तनात तुमच्यासमोर दुसरं कोणी असतं, आणि त्याच्यासमोरही. दुसरी गोष्ट नवख्याच्या बाजूची. त्याला तोच धडा साडेसहा मिनिटांत डझनभर वेळा मिळतो, दरवेळी वेगळ्या शिक्षकाकडून, आणि शिक्षकांपैकी कोणालाही कंटाळायला वेळ मिळत नाही. वाट चुकली तर काय करायचं, याचा नियमही यातूनच निघतो. हरवलेल्या आकृतीच्या मागे धावायचं नाही. आपल्याला पुढच्या वेळी कुठे असायचं आहे तिथे जाऊन उभं राहायचं, नव्या शेजाऱ्यांकडे बघायचं आणि हसायचं. नाच येऊन तुम्हाला उचलून घेतो.

एक धोका मात्र आहे, आणि तो आकड्यांतच दिसतो. समजा आपल्या २४ जणांत आठ जण अगदी नवे आहेत. ते ओळखीमुळे किंवा लाजेमुळे आपापसात जोड्या करतात, म्हणजे पूर्ण कोऱ्या अशा चार जोड्या. ६६ भेटींपैकी सहा भेटी कोऱ्यांच्या कोऱ्यांशी होणार. त्या गटांत वाट दाखवणारं कोणीच नाही. शिवाय असा गट अडला आणि चौघं पुढे सरकलेच नाहीत, तर वरच्या नि खालच्या गटांना चुकीचे शेजारी मिळतात आणि भेग रांगभर पसरते. तेच आठ जण आठ जाणत्यांचे जोडीदार झाले तर? मग कुठल्याही चौघांत, कधीही, निदान दोघं जाणते असतात. माणसं तीच, कसबही तेच. केवळ जोड्या वेगळ्या लावल्याने सहा खड्डे शून्यावर येतात. दर नाचाला जोडीदार बदलायचा हा कॉन्ट्राचा रिवाज सभ्यतेचा वाटतो, पण रांग उभी राहते ती याच्याच जिवावर. म्हणूनच संध्याकाळचे सगळे नाच आधीच मित्रांना 'बुक' करून टाकणाऱ्यांवर बरेच आयोजक नाराज असतात. माझ्या मते त्यांची नाराजी रास्त आहे.

जुन्या काळी या यंत्रात आणखी एक पुर्जा होता. पूर्वीच्या अनेक नाचांत पहिली जोडीच खरं नाचायची. दुसरी बाजूला उभी राहून हात द्यायची, जागा सोडायची. 'कोरस जिग' हा न्यू इंग्लंडचा लाडका जुना नाच घ्या. त्यात पहिली जोडी रांगेबाहेरून खाली जाते, परत येते, मधून खाली-वर करते, मग कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यांना आळीपाळीने वळवते. दुसऱ्या जोडीला वळवून घेण्याखेरीज फारसं काम नाही. 'मनी मस्क'मध्ये तर गट तीन जोड्यांचा, आणि तिसरी जोडी जवळजवळ मोकळीच. अशा नाचांत नवख्याने रांगेच्या खालच्या टोकाला उभं राहावं. वर सरकत सरकत तो पहिली जोडी होईपर्यंत सगळा नाच त्याने जवळून अनेकदा पाहिलेला असतो. नुसतं उभं राहणं हीच शाळा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदललं. न्यू हॅम्पशरचा रॅल्फ पेज (१९०३–१९८५) याच्यासारख्यांनी हा नाच गावागावांत जिवंत ठेवला, पुढे डडली लॉफमनने साठच्या दशकातल्या तरुणांना त्याचं वेड लावलं. या नव्या नाचणाऱ्यांना उभं राहायचं नव्हतं. टेड सॅनेला, लॅरी जेनिंग्ज आणि त्यांच्यासारख्यांच्या संग्रहांतून असे नाच पसरले की ज्यांत सगळे सतत हलतात, आणि जोडीदाराबरोबर गिरकी प्रत्येकाला मिळते. जेनिंग्जच्या १९८३च्या संग्रहाचं नावच 'झेस्टी कॉन्ट्राज'. समता आली, मजा वाढली, पण बघत शिकायची जागा गेली. आज नवखा पहिल्या ठोक्यापासून कामाला जुंपलेला असतो. गेलेल्या पुर्ज्याची भरपाई कोणीतरी करायलाच हवी होती. ती कॉलरने केली.

कॉलर म्हणजे माइकवरून आकृत्यांची नावं पुकारणारा किंवा पुकारणारी. त्याची पुकार आकृतीच्या आधी यावी लागते: आधीच्या आकृतीच्या शेवटच्या दोन-चार ठोक्यांतच शब्द सांगून संपले पाहिजेत, म्हणजे पाय नेमके नव्या ठोक्यावर उचलतात. एक ठोका उशीर झाला की शंभर माणसं एक ठोका उशिरा. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत तो पूर्ण वाक्य सांगतो, मग एकच शब्द, मग गप्प. गप्प झाल्यावरही त्याची नजर रांगांवर असते. कुठे गोंधळ दिसला की नेमकी तेवढीच आकृती पुकारून पुन्हा गप्प. नाच सुरू होण्याआधी तो सगळ्यांना संगीताविना एकदा चालवून घेतो. जाणता कॉलर तर त्याआधीच हॉल वाचतो. 'हात धरा चौघांनी' म्हटल्यावर गट किती भराभर पडतात, कोण मागे वळून विचारतं, खालच्या टोकाला किती घोटाळा आहे, यावरून हातातलं नाचाचं कार्ड ठेवायचं की बदलायचं ते तो ठरवतो.

आता येतो खरा पेच: 'अनुभवींसाठी' म्हणून जाहीर केलेला नाच. महोत्सवांत, शनिवार-रविवारच्या शिबिरांत असे कार्यक्रम असतात. इथे चालून बघणं एकदाच आणि घाईत, कधी मुळीच नाही. आकृत्या चौघांच्या गटाबाहेर जातात: तिरक्या दिशेने हात द्यायचा, मागच्या आवर्तनातल्या शेजाऱ्याला पुन्हा भेटायचं, एका आवर्तनात दोन घरं सरकायचं. म्हणजे वर सांगितलेली प्रत्येक सोय काढून घेतलेली. चूक आता एका गटात कोंडलेली राहत नाही. टोकाला थांबलेल्या जोडीलाही सुट्टी नसते. रिकाम्या जागेकडे बघून तिला आपली आकृती करावी लागते, नाहीतर शेजारचा गट तुटतो. अवघड नाच बहुधा मधे मोडत नाहीत, टोकांना मोडतात.

आणि दारावर लिहिलेल्या 'अनुभवी' या शब्दाने कोण अडतं? ज्यांनी अडावं ते अडत नाहीत. अगदी नवा माणूस पाटी वाचून परत जातो किंवा घाबरत विचारतो. जो वर्षभर नाचतोय, ज्याला सगळ्या आकृत्यांची नावं पाठ आहेत, तो बिनधास्त आत येतो. गिरकीच्या शेवटी जोडीदाराला दोन जास्तीच्या फिरक्या देतो आणि पुढच्या आकृतीला अर्धा ठोका उशिरा पोचतो. खरं सांगायचं तर प्रगत नाचातला त्रास नवख्यांचा कमी आणि या मधल्यांचा जास्त असतो. नवखा उशिरा पोचला तर शेजाऱ्यांकडे बघतो. हा स्वतःच्या फिरकीकडे बघत असतो. आकृत्या किती येतात यापेक्षा वेळेवर पोचता येतं का आणि चुकल्यावर सावरता येतं का, हीच अनुभवाची कसोटी लावायला हवी. तशी पाटी मात्र लावता येत नाही. म्हणून शहाणे कॉलर अशा संध्याकाळी पहिला नाच मुद्दाम मध्यम अवघड घेतात आणि हॉल काय करतो ते बघतात. गडबड दिसली तर पुढचे नाच असे निवडतात की अवघड आकृती एकच असेल आणि तिच्यामागे लगेच जोडीदाराबरोबरची लांब गिरकी येईल. १६ ठोक्यांच्या गिरकीत हरवलेला माणूस शोधून, पकडून, जागेवर आणता येतो. अवघड आकृतीपेक्षा ती कुठे बसवली आहे याला महत्त्व जास्त.

गिरकीचंच बघा. दोघं एकमेकांना धरून, उजवे पाय जवळ ठेवून, डाव्या पायाने ढकलत गरगर फिरतात. फुगडी खेळलेल्या कोणालाही यातलं भौतिकशास्त्र सांगायला नको: मागे झुकून समोरच्याच्या हातावर भार टाकला की वेग येतो, आणि एकीने हात सैल सोडला की दोघी आपटतात. आता विचार करा, फुगडीतली एक पटाईत आणि दुसरी आज पहिल्यांदा खेळतेय. पटाईतने आपला सगळा भार टाकला तर नवी घाबरते, आणि मुळीच टाकला नाही तर फेर धरतच नाही. मुरलेला कॉन्ट्रा नाचणारा समोरून जेवढा भार येईल तेवढाच परत देतो, वर थोडासा. नवखी थोडी झुकली की तोही थोडा झुकतो. चार-पाच शेजाऱ्यांनी असं केलं की तिला न सांगता भार कळलेला असतो. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हेही ती कोणी सांगितल्यामुळे शिकत नाही. समोरचा बघत असतो म्हणून शिकते.

मदत मुकी असावी, हा रांगेतला अलिखित कायदा आहे. नाच चालू असताना तोंडाने समजावलं की नवखा तुमचं ऐकतो, कॉलरचं हुकतं आणि संगीत तर पारच सुटतं. मदत म्हणजे हात आधीच पुढे धरणं, जिथे जायचं तिकडे नजर टाकणं, फार तर हनुवटीने दिशा दाखवणं. ढकलणं नाही, ओढणं तर नाहीच. पण चालून बघताना शेजाऱ्याच्या कानात कुजबुजत शिकवणारे प्रत्येक हॉलमध्ये सापडतातच.

दुसरं दुखणं मधल्या रांगेचं. हॉलमध्ये तीन लांब रांगा पडल्या की मुरलेले सगळे वादकांसमोरच्या मधल्या रांगेत धावतात. नवखे आपोआप कडेच्या रांगांत, एकमेकांसमोर. शेजारी बदलतात खरे, पण आपल्याच रांगेतले. वरचं सगळं गणित एका रांगेपुरतं आहे, रांगांच्या मधल्या भिंती ते ओलांडत नाही. मधली रांग उडत असते आणि कडेच्या दोन ठेचकाळत असतात. उपाय साधा, अंमल अवघड: जाणत्यांनी एक नाच मधे तर एक कडेला नाचावा. कॉलर विनंती करतो. लोक मान डोलावतात आणि पुढच्या नाचाला पुन्हा मधे जातात.

स्कॉटलंडने वेगळा रस्ता धरला. १९२३ साली ग्लासगोत सुरू झालेल्या, आज रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पावलं ठरवून दिली, पुस्तकं छापली, शिक्षकांच्या परीक्षा घेतल्या. त्यांच्या मोठ्या नाच-मेजवान्यांत कार्यक्रम आधी जाहीर होतो, लोक घरून पाठ करून येतात, आणि नाचापूर्वी फार तर एकदा तोंडी उजळणी होते. म्हणजे कसबाची दरी हॉलच्या बाहेर, वर्गातच बुजवायची. तरीही जुना पुर्जा तिथे टिकून आहे. चार जोड्यांच्या गटात नाच सहसा आठ वेळा होतो, प्रत्येक जोडी दोनदा पुढाकार घेते आणि सुरुवात वरची जोडी करते. चौथ्या जागी उभ्या असलेल्या जोडीची पाळी येईपर्यंत नाच सहा वेळा होऊन गेलेला असतो. म्हणून नाचाची खात्री नसेल तर तिसऱ्या-चौथ्या जागी उभं राहा, असं तिथे प्रत्येक नवख्याला सांगतात. कॉन्ट्राने समतेसाठी जे सोडलं ते स्कॉटिशांनी राखलं. दोन्हींत निवड करायची तर मी कॉन्ट्राच निवडेन, पण 'कोरस जिग' अधूनमधून व्हावाच.

मुलांकडे सहा महिने अमेरिकेत राहायला जाणाऱ्या मराठी आई-बापांना संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न असतोच. बॉस्टन, वॉशिंग्टन किंवा न्यू इंग्लंडच्या कुठल्याही गावाच्या आसपास असाल तर कॉन्ट्राची चौकशी करा. जोडीने जायची गरज नाही. गेलात तरी जोडी फोडून दोघांनी वेगवेगळे जाणते जोडीदार धरा. मऊ, स्वच्छ तळव्यांचे बूट न्या. बऱ्याच ठिकाणी नाचाआधी अर्धा तास नवख्यांना शिकवतात, त्याला वेळेवर हजर राहा. मधल्या रांगेत घुसू नका, अगदी टोकालाही उभं राहू नका, आणि चुकलात तर माफी मागत थांबू नका, पुढच्या शेजाऱ्याकडे वळा. 'अनुभवींसाठी' अशी पाटी दिसली तर त्या दिवशी मात्र बाकावर बसून बघा.